अल्बम संपल्यावरची पाच मिनिटं

रॉडनी किवेला येतोय हे आमच्या विलापा खाडीच्या काठी डोळे मिटून सांगता यायचं. गाडी वळणाच्या पलीकडे असायची तेव्हाच आधी गिटारची खरखर यायची, मग ड्रम, मग एक पोरगा घसा फाटेस्तोवर ओरडायचा. पोस्टातली बाई मला खिडकीतूनच सांगायची, "आला बघ तुझा नवरा. आज तिसऱ्या गाण्यावर आहे." तिलासुद्धा क्रम पाठ झाला होता. न होऊन सांगते कुणाला? अठ्ठावीस वर्षं त्या पिकअपमध्ये एकच अल्बम वाजत होता. कॅसेट टेपमध्ये अडकून बसली होती. बाहेर येत नव्हती, पुढे पळत नव्हती, मागे जात नव्हती. किल्ली फिरवली की गायची, किल्ली काढली की गप्प बसायची.

माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. उंच, थोडा वाकलेला, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच. ती देवदाराच्या फळ्या कापणाऱ्या मिलमध्ये गेली. आमच्याकडे त्या मिलमध्ये काम केलेल्या माणसाचे दोन्ही हात शाबूत दिसले तर लोक विचारतात, फार दिवस टिकला नाहीस वाटतं? मिल बंद पडल्यावर रॉडनी रस्त्यांच्या खात्यात लागला. कडेची काटेरी झुडपं कापतो, पडलेली झाडं ओढून बाजूला करतो, दुपारी ऑयस्टरच्या शिंपल्यांच्या ढिगाजवळ गाडी लावून डबा खातो. अंगात बापाचा चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट. एका वर्षी ती चौकड्यांची फॅशन साऱ्या जगात गेली आणि मासिकांत नट्या तसले शर्ट घालून दिसायला लागल्या. तेव्हा त्याची आई ऐली म्हणाली होती, "म्हणजे आपण फॅशनमध्ये आहोत आणि कुणी कळवलंसुद्धा नाही."

ते ब्याण्णव साल. आमच्या पावसातून आणि मोडक्या गॅरेजमधून निघालेल्या त्या आवाजाला बाहेरचे लोक ग्रंज म्हणायला लागले होते. मोठे बँड मोठ्या शहरांत गेले. आमचा बँड नदीच्या पलीकडच्या गावातला, चार पोरांचा. नाव 'ओला भुसा'. त्यांनी आयुष्यात एकच अल्बम काढला, 'सहा-दहाची ओहोटी', आणि मग एक जण अलास्काला मासेमारीला गेला, एकाने लग्न केलं आणि बँड संपला. त्या अल्बमची सीडी माझ्याकडे होती. आमचं घर खेकडे धरणाऱ्या क्रोएशियन लोकांचं. आमच्याकडे रेडिओ, भांडणं आणि गाणी एकाच वेळी चालू असायची. रॉडनीचं घर त्याच्या उलट. घरचे सगळे फिनिश लोकांच्या जुन्या कडक चर्चचे. टीव्ही नाही, नाच नाही, असली गाणी तर नाहीच नाही. घरात एक टेपरेकॉर्डर होता, तो फक्त प्रवचनं ऐकायला.

एका शनिवारी हा अठरा वर्षांचा ताडमाड पोरगा आमच्या दारात उभा राहिला. खिशातून कॅसेट काढून म्हणाला, "डार्ला, यावर भरून देशील?"

कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडलेली होती. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की येतं. ती पट्टी मी लावली. लेबलवर पेन्सिलीने फिनिश भाषेत काहीतरी लिहिलं होतं. मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "काही नाही, जुनी आहे." मी लाल बटण दाबलं.

एका बाजूला तीस मिनिटं मावतात, अल्बम पंचावन्न मिनिटांचा. सहावं गाणं मधोमध तुटलं. 'मी परत येईन तेव्हा', इथे पहिली बाजू संपते, खट् आवाज होतो, आणि दुसऱ्या बाजूला 'दार उघडंच असू दे' इथून पुढे सुरू होतं. मधले दोन-चार शब्द गेले. महिन्याभरात माझी सीडी माझा भाऊ घेऊन गेला ती परत आलीच नाही, आणि अल्बम पुढे कुठे मिळेना. तेव्हा ते शब्द काय होते यावर रॉडनी आणि मी लग्नाआधीपासून भांडत आलोय. मी म्हणते 'सगळे झोपले असले तरी'. तो म्हणतो, एवढे शब्द मावणारच नाहीत तिथे.

त्या वर्षाचं मला आता जे आठवतं ते सगळं ओलसर आणि करडं आहे. ओहोटीला खाडीचं पाणी इतकं दूर जायचं की ते आहे की नाही अशी शंका यावी. मैलभर चिखल, त्यावर धुकं, धुक्यात कुठेतरी बगळा. आम्ही पिकअपच्या मागच्या फळीवर ताडपत्री पांघरून पडायचो आणि पुढच्या उघड्या खिडकीतून ती गाणी यायची. ती काही आनंदाची गाणी नव्हती. पण त्या पोराचं ओरडणं चिखलावरून जायचं, धुक्यात शिरायचं आणि परत येईपर्यंत मऊ झालेलं असायचं. मला डुलकी लागायची. जाग आली की तेच गाणं चालू आहे की दुसऱ्यांदा आलंय ते कळायचं नाही. रॉडनी तसाच जागा, आकाशाकडे बघत. त्याची पाचही बोटं तेव्हा जाग्यावर होती, आणि ती माझ्या हातात होती. मी फार सुखी होते. हे तेव्हा कळत होतं, म्हणून आज सांगता येतंय.

शेवटचं गाणं संपत आलं की मात्र तो उडी मारून पुढे जायचा आणि टेप बंद करायचा. दरवेळी. का, ते मला पुढच्या वसंतात कळलं.

रॉडनीचे वडील, टोईवो किवेला, आठवडाभर मिलमध्ये फळ्या कापायचे आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन द्यायचे. त्यांच्यात पगारी पाद्री नसतो. माणूस लाजाळू. आपला आवाज भरून घ्यायला कधी तयार व्हायचे नाहीत. एकदाच झाले, आणि ती एकुलती एक कॅसेट ऐलीने स्वयंपाकघराच्या खणात, टेबलक्लॉथच्या खाली जपून ठेवली होती.

ती सापडेना तेव्हा ऐलीने घर उलटंपालटं केलं. चर्चच्या कॉफीला आपणच कुणाला तरी दिली आणि विसरलो, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली. त्यांच्या चर्चची एक रीत आहे. क्षमा देवळात जाऊन मागायची नाही. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडेच मागायची, तो सापडेल तिथे, कोंबड्यांच्या खुराड्यात असला तरी. समोरचा गळ्यात हात टाकतो आणि म्हणतो, "सगळं क्षमा झालंय, विश्वास ठेव." त्यानंतर तो विषय पुन्हा काढायचा नाही. तर ऐलीने टोईवोकडे क्षमा मागितली, स्वयंपाकघरात, रडत, की तुमचा आवाज माझ्या हातून हरवला. टोईवोने देवदाराच्या भुश्याने माखलेले हात तिच्या गळ्यात टाकले आणि ते शब्द म्हटले. रॉडनी दारात उभा होता. कॅसेट त्याच्या जाकिटाच्या खिशात होती.

त्या संध्याकाळी त्याने मला सगळं सांगितलं. अल्बम संपल्यावर दुसऱ्या बाजूची पाच मिनिटं उरतात आणि तिथे बाप अजून बोलतोय.

"मग जा आणि सांग," मी म्हटलं. "तुमच्याकडे तर सोय आहे. गळ्यात हात, दोन शब्द, विषय संपला."

"तिने माझ्या पापाची क्षमा मागितली, डार्ला. आता मी कशाची मागू?"

नाहीच सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने चर्चही सोडलं. आईच्या फाटकाजवळ आला की गाडीची किल्ली बंद करायचा आणि उतारावरून मुक्यानेच अंगणात घरंगळत यायचा, गाणी तिच्या कानावर पडू नयेत म्हणून. शहाण्णव साली टोईवो मिलमध्ये डबा खाता खाता बाकावरच गेले. दफन झालं त्या दिवशी रॉडनी एकटाच गाडी घेऊन खाडीवर गेला आणि पहिल्यांदा टेप शेवटपर्यंत वाजू दिली. दुसऱ्या दिवसापासून कॅसेट अडकली. आपोआप अडकली की त्याने अडकवली, ते मी विचारलेलं नाही. ती पाच मिनिटं त्याने माझ्यासमोरही कधी ऐकली नाहीत. मला दारात उतरवून एक फेरी मारून यायचा.

आता ऐली शहाऐंशीची आहे. गुडघे गेले, जिने जमत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात ठरलं की तिने मिशिगनला लेकीकडे, कैसाकडे, जायचं. सामान बांधायला मी गेले होते. स्वयंपाकघराचा तो खण रिकामा करताना तिने टेबलक्लॉथ उचलला, खालच्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथेच होती बघ." एकतीस वर्षं झाली होती. मी घरी आले आणि रॉडनीला म्हटलं, "रविवारी तिचं विमान आहे. तू शनिवारी सांगणार आहेस. नाहीतर मी सांगेन, कारण चिकटपट्टी मी लावली होती."

शनिवारी आम्ही निघालो. मी घड्याळ लावून हिशेब केला होता: अमुक वाजता निघालो की तिच्या दारात पोचेपर्यंत शेवटचं गाणं संपत येईल, ती चढेल आणि टोईवोचा आवाज लागेल. फक्त एक गोष्ट करायची नाही, इंजिन बंद करायचं नाही. कारण त्या टेपला एक खोड आहे. बंद करून परत चालू केली की ती बाजू बदलते. रॉडनीने तीनदा मान डोलावली. शेवटचं गाणं चालू होतं, फाटक आलं, आणि या माणसाच्या हाताने तीस वर्षांच्या सवयीने किल्ली बंद केली. आम्ही मुक्यानेच अंगणात घरंगळत आलो.

मी हातातलं घड्याळ बाहीखाली सरकवलं.

ऐली डोक्याला रुमाल बांधून पायरीवर तयार उभी होती. तिला खिडकीशी बसवलं, मी मधे, रॉडनीने किल्ली फिरवली आणि पहिल्या बाजूचं पहिलं गाणं मधूनच धाडकन अंगावर आलं. ऐलीने पर्स छातीशी धरली.

"हे काय आहे?"

"अल्बम आहे, आई," रॉडनी म्हणाला. "बंद करता येत नाही. म्हणजे येतं, पण... तुला एक ऐकवायचंय. ते याच्या शेवटी आहे. पन्नास मिनिटं लागतील."

"पन्नास मिनिटं?"

"हो."

ऐलीने थोडा विचार केला. "मग चालव," ती म्हणाली. "मला तरी उद्यापर्यंत काय काम आहे?"

मग आम्ही खाडीला वळसा घालत निघालो. ओहोटी होती. पिवळी पडलेली आल्डरची झाडं, बंद मिल, शिंपल्यांचे पांढरे ढीग, मग नुसता चिखल आणि धुकं. तिघं एका बाकावर, गुडघ्याला गुडघे लावून. काचेवर बारीक पाऊस. दुसऱ्या गाण्यापर्यंत ऐली अवघडून बसली होती. तिसऱ्याला तिने विचारलं, "हा रडतोय का?"

"नाही, गातोय," मी म्हटलं.

"याच्या आईला माहीत आहे का?"

चौथ्या गाण्याला तिने डोकं काचेला टेकवलं. मला वाटलं झोप लागली. पण ती बाहेर बघत होती, आणि पाचवं संपताना म्हणाली, "याला कुणी क्षमा केलेली दिसत नाही." रॉडनीच्या हातातलं चाक किंचित हललं.

सहावं गाणं तुटलं, खट् झालं, दुसरी बाजू लागली. "मधलं कुठे गेलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हरवलं. मी म्हणते 'सगळे झोपले असले तरी' असं होतं."

"तेवढं मावणार नाही," ऐली म्हणाली. रॉडनीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच थोडा हसला.

बाकीची गाणी कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मी अर्धी त्या गाडीत होते आणि अर्धी मागच्या फळीवर, ताडपत्रीखाली, अठरा वर्षांची. शेवटचं गाणं आलं तेव्हा रॉडनीने चिखलाच्या कडेला गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून. गिटारचा शेवटचा सूर लांबत लांबत गेला. मग एक टक् असा आवाज, आणि एका मोठ्या खोलीतला खोकला. मग टोईवो किवेला बोलायला लागले.

प्रवचन नव्हतं. प्रवचन आम्ही पुसून टाकलं होतं. उरल्या होत्या त्या नंतरच्या सूचना.

"कॉफी खाली तयार आहे. हिल्मा लेहतोने वेलचीचा पाव आणलाय. शनिवारी छतावरचं शेवाळ काढायचं आहे, चार माणसं लागतील, शिड्या आपापल्या आणा. गेल्या वेळी कुणीतरी माझी शिडी घरी नेली, तो माणूस इथे बसलाय आणि त्याला माहीत आहे." थोडं हसू. कागदांची सळसळ. मग बराच वेळ पुढच्या रविवारचं, आजारी माणसांचं, कुणाच्या तरी गाईचं. ऐलीचा हात माझ्या मनगटावर होता आणि त्याची पकड वाढत चालली होती. "आणि बाहेर एका निळ्या पिकअपचे दिवे चालू राहिलेत. बॅटरी उतरेल." थांबले. "गाडी आमचीच आहे. ऐलीने मला दोनदा सांगितलं होतं दिवे बंद करा म्हणून. मी म्हटलं, केलेत." लोक हसले. "ऐली, मला क्षमा कर."

आणि दूर मागच्या बाकावरून एक बाईचा आवाज आला, तरुण, ठसकेबाज: "सगळं क्षमा झालंय, विश्वास ठेवा. आता जा आणि दिवे बंद करा."

खूप लोक हसले. खट् झालं. पुन्हा पहिलं गाणं सुरू झालं, आणि या वेळी रॉडनीने किल्ली बंद केली.

"ती मी होते," ऐली म्हणाली, स्वतःलाच समजावल्यासारखी.

रॉडनीने समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. सगळं सांगितलं. खण, टेबलक्लॉथ, जाकिटाचा खिसा, दार. "तू त्यांच्याकडे रडलीस तेव्हा ती माझ्या खिशात होती, आई." मीही म्हटलं, "चिकटपट्टी मी लावली." ते आता फार लहान वाटलं, पण म्हटलं.

ऐलीने पर्समधून रुमाल काढला. मग म्हणाली, "मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. मला राग आलाय. तीस वर्षं मी वेंधळी आहे असं समजत होते. पुढे कुठलीही वस्तू हरवली की मला ती कॅसेट आठवायची." तिने नाक पुसलं. "आणि प्रवचन गेलं."

"हो."

"प्रवचनं सगळेच देतात. ते सारखंच असतं." तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. "पण बघ. मी त्याच्याकडे जी क्षमा मागितली, ती मी न केलेल्या गोष्टीची होती. त्याने ती दिली. मला ती लागलीच नाही म्हणजे. ती तशीच पडून आहे. तुझ्या बापाने दिलेली आहे. तू घे."

आणि तिने हात लांब केला. मी मधे होते. शहाऐंशी वर्षांची म्हातारी माझ्या अंगावरून आडवी झाली, तिचं कोपर माझ्या बरगडीत, पर्स माझ्या हनुवटीखाली, आणि तिने त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यात हात टाकून ते शब्द म्हटले. रॉडनी मोठ्याने रडला. मीही रडले, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने ऐली माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं पण झालं त्यातच."

त्याच संध्याकाळी रॉडनीने आख्खा टेप गाडीतून उपटून काढला. देवदाराची एक पेटी केली, तो तिच्यात बसवला, दोन स्पीकर लावले आणि ती आईच्या सामानाबरोबर पाठवून दिली. कॅसेट पुढे पळत नाही ही खोड अजून आहेच. नोव्हेंबरात कैसाचा फोन आला, "आई रोज दुपारी हे काय लावते? चर्चमधल्या बायका येतात आणि मधेच उठून जातात." मागून ऐलीचा आवाज आला, "त्यांना सांग, शेवटपर्यंत बसा."

हल्ली 'सहा-दहाची ओहोटी' फोनवर मिळते. मी गाडीत लावून दिली. सहावं गाणं आलं, आम्ही दोघं कान देऊन बसलो, आणि मधले शब्द निघाले 'आणि, हो, हो'. इतक्या वर्षांचं भांडण एवढ्यावर संपलं. रॉडनी म्हणाला, तुटलेलंच बरं होतं. मग शेवटचं गाणं संपलं. गिटारचा सूर गेला आणि गाडीत नुसता वायपरचा आवाज राहिला.

रॉडनीने रस्त्यावरून नजर न काढता म्हटलं, "शिड्या आपापल्या आणा."

"कॉफी खाली तयार आहे," मी म्हटलं.

घरी पोचल्यावर तो उतरला, दारापर्यंत गेला, आणि परत फिरून गाडीचे दिवे बंद करून आला.